गोणीतले नत्र विहिरीत का जाते?

खतटंचाईचा प्रश्न दर रब्बी हंगामात ऐरणीवर येतो. राजस्थानात गहू-मोहरीच्या पहिल्या पाण्याची वेळ झाली की ग्राम सेवा सहकारी समित्यांपुढे शेतकऱ्यांच्या रांगा लागतात आणि काळा बाजार फोफावतो. किसान संघटना मोर्चे काढतात. सरकार साठा पुरेसा असल्याचे पत्रक काढते. शेतकऱ्यांचा हा संघर्ष न्याय्य आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू क्वचितच चर्चेला येते. ज्या युरियासाठी शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राहतो, त्या युरियातील साधारण एक तृतीयांशच नत्र त्याच्या तृणधान्याच्या पिकाला लागू पडते. थोडे जमिनीत शिल्लक राहते. उरलेले जाते कोठे? त्याची किंमत कोण मोजतो? आणि ही नासाडी थांबवावयाची तर बदलावे काय लागेल, शेतकऱ्याची सवय की सरकारचे धोरण? या प्रश्नांची उत्तरे जयपूरच्या परिसरात शोधली तर ती अधिक स्पष्ट दिसतात, कारण तेथे वाया गेलेले नत्र पुन्हा माणसाच्या पिण्याच्या पाण्यातून वर येते.

नासाडीच्या तीन वाटा

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र भरते. हा युरिया शेतात फोकून दिला आणि लगेच पाण्याबरोबर तो मातीत मुरला नाही, तर त्याचा अमोनिया होऊन काही भाग हवेत उडून जातो. जमीन चोपण असेल आणि ऊन कडक असेल तर ही तूट वाढते. ही पहिली वाट.

मातीत शिरलेल्या नत्राचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पिकाच्या मुळांना ते चटकन घेता येते. पण नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जाते. जयपूर, जोबनेर, चोमू या पट्ट्यातील जमीन बव्हंशी रेताड आहे. अशा जमिनीत एकदम मोठी मात्रा दिली आणि वर भरपूर पाणी सोडले, तर नायट्रेट मुळांच्या खाली उतरते आणि वर्षानुवर्षे झिरपत भूजलात पोचते. उथळ मुळांच्या भाजीपाल्यात, जेथे खत आणि पाणी दोन्ही हात सोडून दिली जातात, तेथे हे प्रमाण अधिक. ही दुसरी वाट.

जेथे पाणी साचून मातीतील हवा कोंडते, तेथे तिसरी वाट उघडते. नायट्रेटचा काही भाग नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने निसटतो. शंभर वर्षांच्या मोजमापाने या वायूची पृथ्वी तापविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट धरली जाते.

देशात २०२४-२५ साली सुमारे ३८८ लाख टन युरिया खपला. तो तयार होतो नैसर्गिक वायूपासून, आणि खत कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. म्हणजे वाया जाणाऱ्या नत्राबरोबर परकीय चलन, सरकारी तिजोरीतील अनुदान, कामगारांचे श्रम आणि शेतकऱ्याचा पैसा या चारही गोष्टी वाया जातात.

पाणी कोण पिते?

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार राजस्थानात तपासलेल्या नमुन्यांपैकी ४९ टक्के नमुने ही मर्यादा ओलांडतात. देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वांत मोठे आहे. असे भूजल आढळलेले जिल्हे २०१७ साली ३५९ होते, ते २०२३ साली ४४० झाले. मराठी वाचकाने हा राजस्थानचा प्रश्न म्हणून पान उलटू नये. त्याच अहवालाने अतिगंभीर म्हणून निवडलेल्या १५ जिल्ह्यांत बाडमेर-जोधपूरबरोबर वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ असे महाराष्ट्राचे ७ जिल्हे आहेत.

नायट्रेट रंगहीन, गंधहीन असते. ते जिभेला कळत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. वरच्या दुधात असे पाणी मिसळून पाजलेल्या तान्ह्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते आणि बाळ निळे पडते. जयपूरच्या संशोधक डॉक्टरांनी राजस्थानातील पाच गावगटांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील पाण्यात नायट्रेटचे सरासरी प्रमाण लिटरला २६ पासून ४५९ मिलिग्रॅमपर्यंत होते. आणि रक्तातील हा दोष नुसत्या तान्ह्या बाळांतच नव्हे, तर प्रौढांतही आढळला.

आता प्रश्न असा की हे पाणी कोणाच्या वाट्याला येते? जयपूर शहराला २००९ पासून बीसलपूर धरणाचे पाणी मिळते. ज्यांना परवडते ते घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवितात किंवा बाटल्या विकत घेतात. शेतावरच्या ढाण्यांत, म्हणजे वस्त्यांत राहणारा बटाईदार आणि शेतमजूर मात्र त्याच कूपनलिकेचे पाणी पितो, जिच्यावर मालकाचे शेत भिजते. खताचा नफा आणि खताचा गाळ यांची वाटणी अशी वर्गावर्गाप्रमाणे झालेली आहे. त्यातच राजस्थानात वर्षाकाठी जमिनीत जेवढे उपसण्याजोगे पाणी भरते, त्याच्या सुमारे १४९ टक्के पाणी उपसले जाते. साठा आटत चालला की झिरपून येणारे नायट्रेट विरळ करण्यास पुरेसे पाणीही उरत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. भूजलातील सगळे नायट्रेट युरियाचे नव्हे. जयपूर शहराच्या पोटातील गळकी गटारे, शोषखड्डे, उघड्यावरील उकिरडे यांचाही त्यात वाटा आहे, आणि कोरड्या प्रदेशात काही नायट्रेट निसर्गतःही साठलेले असते. परंतु यामुळे प्रश्न सौम्य होत नाही, अधिक व्यापक होतो. मुहाना मंडईत आसपासच्या खेड्यांतून रोज भाजीपाला येतो. त्या भाजीबरोबर शेतातील नत्र शहरात येते, आणि तेथून ते मैला म्हणून द्रव्यवतीच्या पात्रात व जमिनीत जाते. शेताकडे खत म्हणून ते नीट परत जात नाही. मार्क्सने १८६७ साली 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात, लीबिग या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा आधार घेऊन, शहर आणि जमीन यांच्यामधील हाच तुटलेला व्यवहार दाखवून दिला होता. दीडशे वर्षांनंतर त्याची प्रचिती लंडनऐवजी जयपूरच्या नाल्यावर येते, एवढेच.

दोष अज्ञानाचा की धोरणाचा?

सरकारी व्याख्यानांत आणि इंग्रजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत एक ठरावीक सूर ऐकू येतो. शेतकरी अडाणी आहे, युरिया स्वस्त आहे, म्हणून तो बेसुमार वापरतो. अनुदान काढून घ्या, दर वाढू द्या, मग तो आपोआप शहाणा होईल. युरिया स्वस्त आहे हे खरे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि हा दर कित्येक वर्षे हललेला नाही. पण नुसत्या या वाक्यावर थांबणे म्हणजे इतिहास लपविणे होय.

ऑगस्ट १९९२ मध्ये नव्या आर्थिक धोरणाखाली स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील नियंत्रण उठविण्यात आले; युरियावरील तेवढे राहिले. परिणाम एका वर्षात दिसला. १९९१-९२ साली देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते, ते १९९२-९३ साली ९.५ : ३.२ : १ झाले. मधल्या काळात समतोल बराच सुधारला. २००९-१० साली तो ४.३ : २ : १ पर्यंत आला होता. एप्रिल २०१० मध्ये पुन्हा तोच प्रयोग झाला. अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान या नावाखाली स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमती ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. डीएपीचा टनाचा दर ९,३५० रुपये होता, तो दोनतीन वर्षांत २४,००० रुपयांच्या पुढे गेला. २०१२-१३ साली प्रमाण ८.२ : ३.२ : १ वर घसरले, आणि अलीकडे तर नत्राचा आकडा ११ च्या जवळपास पोचला आहे.

याचा अर्थ साधा आहे. पिकाला एका अन्नद्रव्याची तूट असेल तर दुसरे कितीही ओतले तरी ते लागू पडत नाही. मोहरीला गंधक हवे, रेताड जमिनीत जस्त हवे, स्फुरद तर सर्वांनाच हवे. ते खिशाला परवडेनासे झाले की शेतकरी जे परवडते तेच अधिक टाकतो. पान हिरवे दिसते, दाणा भरत नाही, आणि न लागलेले नत्र खाली झिरपते. नासाडीचे बी येथे पेरले गेले. जे अर्थपंडित १९९२ आणि २०१० च्या दरवाढीचे समर्थन करीत होते, तेच आज युरियाच्या दरवाढीचा उतारा सुचवितात. त्याचा फटका बसेल तो कोरडवाहू बाजरी पिकविणाऱ्या, आधीच हात राखून खत टाकणाऱ्या लहान शेतकऱ्याला. चारचार कूपनलिकांचा मालक वाढीव दर सहज पचवील.

दुसरे कारण रांगेतच दडले आहे. गव्हाला नत्र हप्त्यांनी द्यावयाचे असते. काही पेरणीला, काही पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास पहिल्या पाण्याला, उरलेले पुढच्या पाण्याला. रेताड जमिनीत तर हे हप्ते अधिकच महत्त्वाचे. पण युरिया वेळेवर येईल याची ज्याला खात्री नाही, तो हप्ते कसे पाळणार? गोण्या उशिरा मिळाल्या तर तो चुकलेली मात्रा एकदम टाकतो. लवकर मिळाल्या तर उद्या मिळणार नाहीत या धास्तीने जादा उचलतो. टंचाई आणि नासाडी ही अशी जुळी भावंडे आहेत. वाटपाची व्यवस्था सुधारल्याशिवाय शेतकऱ्याला काटकसरीचा उपदेश करणे हा ढोंगीपणा आहे.

योजनांचे उद्घाटन आणि शेताची वास्तवता

गंमत अशी की नत्राच्या शहाणपणाच्या दोन मोठ्या योजनांचा नारळ राजस्थानातच फुटला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरतगडला मृदा आरोग्य पत्रिकेचे उद्घाटन झाले. याच सुरतगडला १९५६ साली सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांवर सरकारी यांत्रिक शेती उभी राहिली होती. जुलै २०२३ मध्ये जयपूरशेजारच्या सीकरला गंधकलेपित युरियाचे लोकार्पण झाले. कल्पना दोन्ही चांगल्या. पण मृदा पत्रिकेसाठी ओलिताखालील अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहू दहा हेक्टरांमागे मातीचा एकच नमुना घेण्याचा नियम ठरला. एका नमुन्यात चारपाच लहान शेतकऱ्यांच्या जमिनी येतात. मग पत्रिका नक्की कोणाच्या शेताची? आणि पत्रिका हाती पडली तरी ती वाचून सल्ला देणारा कृषी पर्यवेक्षक गावात किती वेळा फिरकतो? सीकरच्या नव्या युरियात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक आहे, मोहरीच्या मुलखाला तो उपयुक्तच; परंतु त्याची ४० किलोची गोणी जुन्या ४५ किलोच्या गोणीच्याच दराने ठेवण्यात आली.

२०१५ पासून सर्व युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला. त्यामुळे नत्र सावकाश सुटते आणि युरिया कारखान्यांकडे चोरून वळविणे अवघड होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही लेप म्हणजे सल्ला नव्हे आणि वेळेवरचा पुरवठाही नव्हे.

२०२१ पासून बाजारात आलेल्या नॅनो युरियाचा हिशेब मात्र शेतकऱ्याने स्वतः मांडून पाहावा. अर्ध्या लिटरच्या पहिल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम नत्र होते. गोणीत ते २० किलोंहून अधिक असते. एक बाटली एका गोणीची जागा घेईल असा प्रचार झाला. म्हणजे हजारपट फरक पानांवरील एका फवाऱ्याने भरून निघावयाचा! लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत गोणी कमी करून बाटली वापरल्यावर गहू आणि भात या दोन्हींचे उत्पन्न घटले. तरीही गोणीबरोबर बाटली गळ्यात मारण्याचे प्रकार इतके वाढले की जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांना ही सक्ती थांबविण्यासाठी राज्यांना लिहावे लागले. शास्त्राच्या नावाखाली विक्री आणि विक्रीच्या नावाखाली सक्ती, हा शेतकऱ्याला नवा अनुभव नाही.

कूपनलिकेतून येणारे खत

आणि तरीही एक उपाय, जो जवळजवळ फुकट आहे, त्याकडे कोणाचे लक्ष नाही. भूजलात जे नायट्रेट साठले आहे ते पिण्यासाठी विष असले तरी पिकासाठी अन्नच आहे. हिशेब असा. ज्या विहिरीच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, तिच्या दर लिटरात सुमारे २२.६ मिलिग्रॅम नत्र असते. गव्हाला सहा सेंटिमीटरच्या चार पाळ्या दिल्या तर हेक्टरी २४ लाख लिटर पाणी पडते, आणि त्याबरोबर सुमारे ५४ किलो नत्र पडते. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलोंच्या आसपास नत्राची शिफारस असते. म्हणजे अशा विहिरीतून अडीच गोण्यांहून अधिक युरिया शेतात आपोआप येत असतो, आणि शेतकरी तेवढ्याच गोण्यांसाठी थंडीत रांग लावतो! या पाण्यातील सगळे नत्र पिकाला लागेल असे नव्हे. काही हप्ता उशिरा येतो, काही पुन्हा झिरपते. पण विहिरीचे नायट्रेट मोजून, कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने मात्रा कमी केली, तर पीक न घटता खर्च वाचेल आणि पंपाने वर आलेले नायट्रेट पुन्हा खाली जाण्याऐवजी दाण्यात जाईल.

मृदा आरोग्य पत्रिकेत मातीच्या १२ गुणांची नोंद असते. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटला तीत रकाना नाही. जयपूरला दुर्गापुरा येथे राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे, जोबनेरला कृषी विद्यापीठ आहे. ज्ञानाची वाण नाही. हे ज्ञान सार्वजनिक खर्चाने शेतापर्यंत नेणारी यंत्रणा मात्र गेल्या तीन दशकांत खिळखिळी होऊ दिली गेली, आणि सल्ल्याचे काम खताच्या दुकानदाराकडे गेले. दुकानदार मात्रा कमी करण्याचा सल्ला देईल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

चळवळीपुढील काम

किसान चळवळीने या प्रश्नात दोन टोके टाळली पाहिजेत. अनुदान कापण्यासाठी पर्यावरणाचे निमित्त पुढे करणाऱ्यांना साथ देता कामा नये. त्याचबरोबर 'अधिक युरिया द्या' एवढ्याच मागणीवर थांबूनही चालणार नाही. कारण वाया गेलेल्या गोणीचे पाणी चळवळीचाच आधार असलेला शेतमजूर पितो.

तेव्हा मागण्या ठोस असाव्यात. युरियाचा दर न वाढविता स्फुरद, पालाश आणि गंधकयुक्त खते पुन्हा शेतकऱ्याच्या आवाक्यात आणावीत. हप्त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे सहकारी समित्यांपर्यंत पुरवठा व्हावा, आणि बटाईदाराला सात-बारा किंवा जमाबंदी न मागता तो मिळावा. प्रत्येक ग्रामपंचायतीमागे कृषी पर्यवेक्षकाचे पद भरलेले असावे. हवेतील नत्र मुळांवर बांधणारी हरभरा, मूग, गवार ही पिके फेरपालटात आणावयाची तर त्यांना बाजार हवा. डाळी-तेलबियांच्या आधारभूत खरेदीची साधारण मर्यादा उत्पादनाच्या २५ टक्क्यांची असताना शेतकऱ्याने गहू सोडून हरभरा कशाच्या भरवशावर पेरावा? शेणाच्या गोवऱ्या जाळाव्या लागू नयेत म्हणून गरीब घरांत इंधन परवडले पाहिजे; कारण एक टन चांगल्या शेणखतात सुमारे ५ किलो नत्र असते. आणि नायट्रेटने ग्रासलेल्या प्रत्येक वस्तीला सुरक्षित पाणी देणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून मान्य करून घेतले पाहिजे.

काही कामे मात्र शासनाची वाट न पाहता सुरू करता येतात. २०१९ च्या जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण आणि साहित्य देण्याची तरतूद आहे. किसान सभा, शेतमजूर युनियन आणि महिला संघटना यांच्या शाखांनी ती कागदावरून गावात आणावी. पेरणीपूर्वी गावातील पिण्याच्या आणि ओलिताच्या विहिरींचे नायट्रेट तपासून घ्यावे, आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावावेत, आणि ते घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे नत्राची मात्रा लेखी मागावी. जयपूरच्या ढाणीत हे होऊ शकते, तसे बुलढाणा-वर्ध्याच्या कापसाच्या गावातही होऊ शकते. पाणी पिणारा मजूर आणि खत टाकणारा शेतकरी एकाच फळ्यापुढे उभे राहिले, की रांगेतला राग कोणत्या दाराशी न्यावयाचा, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.